पिशवीतले नऊ फ्यूज

यंदा दिवाळीआधी खैरमाळच्या मथुराकाकूंनी घराची पश्चिमेची भिंत रंगवली, ती चुन्याने नव्हे, वीजरंगाने. उन्हात वीज तयार करणारा हा निळसर रंग आता किराणा दुकानातही मिळायचा. दोन हात मारायचे, वायर एका डबीला जोडायची आणि उरलेली वीज गावच्या लाइनवर सोडायची. गाडं अडायचं ते फक्त परवान्यापाशी.

आता तेही अडत नव्हतं. परवाना विभागाच्या चारुशीलाबाई गावंडे यांनी एकतीस पानांचा अर्ज एका ओळीवर आणला होता. बाईंचा हात कात्रीवर भारी चालायचा! कलम सतरा, म्हणजे लाइनमनची सही, हिच्यापायी माणसं तीन-तीन महिने ताटकळायची. बाईंनी तेही उडवलं आणि सगळ्यांनी वाहवा केली. आज लाखावा परवाना मथुराकाकूंना मिळणार, म्हणून बाई मुद्दाम खैरमाळला आल्या होत्या आणि काकूंच्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या.

दुपार कलली होती. काकूंनी फोनवर अंगठा टेकवला. मिनिटभरात परवाना आला आणि डबीवर हिरवा दिवा लागला.

"अगं बाई! झालं एवढ्यात?" काकू म्हणाल्या.

"झालं," म्हणत बाईंनी खुशीत चहाचा कप उचलला. ओढ्यापलीकडे एक म्हातारा विजेच्या खांबावर चढत होता. त्याच्या गळ्यात कापडी पिशवी होती. "ते कोण हो?"

"नाना खिलारे, आमचे लाइनमन. सकाळी तार तुटली, तेव्हापासून गावात लाइट नाही."

"आणि पिशवीत काय?"

"फ्यूज. ज्यांच्या घरी वीज तयार होते त्यांचे. नाना घरोघर फिरून काढून घेतात, नऊ घरांचे नऊ मोजतात, मगच चढतात. उतरले की ज्याचा त्याला परत."

"तुमचा दिलात?"

"माझं तर आत्ता सुरू झालं! आणि या डबीला फ्यूज नसतोच, बंद करायचं बटणही नाही. नव्या नियमात लागत नाही, असं दुकानदार म्हणाला."

बाईंचा चहा कपातच राहिला. लाइन बंद पडली की आपणही वीज थांबवून गप्प बसायचं, ही अक्कल महागड्या डबीत असते. काकूंच्या असल्या स्वस्त डबीत ती ऐच्छिक होती, आणि 'ऐच्छिक' हा शब्द नियमात बाईंनीच घातला होता. म्हणजे नाना ज्या तारेला हात घालणार होते, तिच्यात आता या भिंतीची वीज होती.

"नाना! हात लावू नका! तारेत वीज आहे!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. वारा उलटा होता. नानांनी वळूनही पाहिलं नाही.

"ओरडताय काय, भिंत झाका!" काकूंनी वाळत घातलेल्या गोधड्या ओढल्या, ज्वारीवरची ताडपत्री ओढली. दोघींनी ते सगळं भिंतीवर दाबून धरलं. बाई हात पसरून भिंतीला चिकटल्या. त्यांना भयंकर भीती वाटत होती. डबीवरचा दिवा पिवळा झाला, मग विझला. पलीकडे नानांनी तार हातात घेतली, जोडली आणि पुढच्या कामाला लागले.

ते उतरून आले तेव्हा काकूंनी सगळं सांगितलं. नाना ओट्यावर बसले आणि पिशवीतले फ्यूज समोर मांडू लागले.

"चूक माझी आहे, नाना," बाई म्हणाल्या. "ती सही मी काढायला नको होती."

"सहीचं मरू द्या, बाई. तिच्यापायी लोक मला शिव्या घालायचे, आणि त्यांचं खरंच होतं. पण सहीला माणूस माझ्या दारात यायचा, तेव्हा कळायचं तरी, कुणाची भिंत सुरू झाली ते."

बाईंनी फोनवर गावाची नोंद उघडली. काकूंच्या मागोमाग खैरमाळला आणखी चार परवाने गेले होते. कुणाला, ते दिसत नव्हतं. खाजगी माहिती म्हणून नावं झाकायचा नियमही त्यांचाच होता.

नानांनी फ्यूज पुन्हा मोजून पिशवीत भरले आणि पिशवी गळ्यात अडकवली.

"खालच्या आळीची तार राहिलीय. सांगा बाई, आता किती मोजून चढू?"