काळी राहिलेली पानं

अनगोळात युवराजचा फोटो स्टुडिओ होता, आणि लग्नसराई नसली की तो रंगांशी खेळत बसायचा. खेळ म्हणजे काय, तर साध्याच फोटोला इन्फ्रारेडचं रूप द्यायचं. खरा इन्फ्रारेड कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपतो. त्यात जिवंत पान पांढरं येतं आणि वाळलेलं काळपट. युवराज त्याचं नुसतं सोंग आणायचा. कॉम्प्युटरवर लाल आणि निळ्याची अदलाबदल करायची, हिरव्याचा उजेड चढवत न्यायचा, की झालं रान पांढरंफेक आणि आभाळ काळं. "ह्यात जादू न्हाय," तो गिऱ्हाइकांना हसून सांगायचा. "पान जितं हाय का मेलंय, ते सॉफ्टवेअरला काय कळतंय? हिरवं दिसलं की करतंय पांढरं."

खानापूरकडच्या एका रिसॉर्टला भिंतींवर लावायला असे फोटो हवे होते. युवराजचं गाव गुंजी, आणि रान घरामागंच. दर रविवारी तो गावी जायचा आणि मागच्या दारात ट्रायपॉड रोवून तेच रान टिपायचा.

ह्याच रानात त्याचा थोरला भाऊ महादेव तीन वर्षांपूर्वी चुकलेला बैल शोधायला गेला होता. बैल दिवस मावळायला आपला आपण गोठ्यात आला. महादेव आला नाही. पोलीस झाले, वनखात्याची माणसं झाली, देवऋषी झाले. काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

माणूस सापडलाच नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याआधी बारा वर्षं वाट बघायची रीत, पण वडिलांनी, भरमूआप्पांनी, अंथरूण धरलं होतं आणि त्यांच्याकडं बारा महिनेही उरले नव्हते. "माज्या हातानं पोराला वाटंला लावतो, मग मी जातो," हा त्यांचा एकच धोसरा. महादेवची बायको मंगल मात्र हातातला हिरवा चुडा उतरवायला तयार नव्हती. दोघांचंही बघवत नव्हतं. युवराज मधल्यामधे कातरीत सापडला होता.

पहिल्या रविवारच्या फोटोत सगळं रान पांढरं झालं, फक्त लांब जांभळीच्या बुंध्याशी एक झुडूप काळं राहिलं. सावली असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. दुसऱ्या रविवारी ते झुडूप पांढरं आलं. काळं आता अलीकडं, शेताच्या बांधावरच्या पानांत होतं. त्यानं मूळ फोटो मोठा करून कॉम्प्युटर त्या पानांच्या रंगांना कोणते आकडे देतो ते पाहिलं. शेजारच्या पानांचेही तेच. हिरवं ते हिरवं, उन्हातलं, लखलखीत. बटण दाबलं की शेजारचं पांढरं व्हायचं आणि हे काळं.

तिसऱ्या रविवारी ते परड्याच्या कुंपणातल्या अडुळशात होतं. आता त्याला आकार होता. मान होती, खांदे होते, आणि उजवा खांदा खाली उतरलेला.

न राहवून युवराजनं लॅपटॉप मंगलपुढं धरला. तिनं पदराला हात पुसले आणि त्या खांद्यावर बोट ठेवलं.

"भाताची पोती वाहून वाहून ह्योच खांदा उतरलाय त्यांचा."

"वैनी, पानं हाईत ती."

"भावजी, माणूस घराकडं यायला लागलाय, आन तुमी त्याला जाळायचं बोलताय?"

त्याच दुपारी आप्पांनी त्याला जवळ बसवून घेतलं. "तू शिकल्याला हाईस. तू सांग. हाय का न्हाय माजा म्हादू?"

सॉफ्टवेअरला जितं-मेलेलं कळत नाही, हे उभ्या गावाला सांगणारा माणूस. पण त्या घटकेला त्याच्या डोक्यात एकच होतं. जितं ते पांढरं. मेलेलं ते काळं. आणि ते काळं होतं.

"न्हाय, आप्पा," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी शेतात पुतळा मांडला. दर्भ चांगला वाळलेला, तपकिरी; डोक्याच्या जागी नारळ. मंगलच्या हातातल्या बांगड्या काढल्या तेव्हा ती रडली नाही, पुतळ्याकडं बघत राहिली. आप्पांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. पुण्याच्या आत्तीला पाठवायचे म्हणून युवराज फोटो काढत होता. वाळका दर्भ, पण पेट घ्यायला फार वेळ लागला. दव पडलं असेल, भटजी म्हणाले.

घरी आल्यावर आप्पा जे झोपले, ते तीन वर्षांत पहिल्यांदाच गाढ झोपले. युवराज ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. ते काळं गेलं का, एवढंच त्याला बघायचं होतं.

त्यानं सकाळच्या फोटोचे रंग बदलले. पुतळ्यामागचं रान झरझर पांढरं झालं. एकही पान काळं नव्हतं. त्यानं श्वास सोडला.

मग त्याची नजर खाली गेली.

पुतळा पांढरा होता. वाळका, तपकिरी दर्भ, आणि रानातल्या कुठल्याही पानाहून पांढरा.

त्यानं मूळ फोटोतले रंगांचे आकडे पाहिले. तपकिरीच.

त्यानं पुन्हा पाहिले.

मंगल दारात येऊन कधी उभी राहिली, त्याला कळलं नाही. तिनं स्क्रीनकडं पाहिलंही नाही.

"काडी लावायच्या आदी ते नगं नगं म्हणून मान हलवत हुते," ती म्हणाली. "तुमच्या फोटोत आलंय काय?"

काडी लावायच्या आधीचे तीन फोटो होते. पहिल्यात नारळाची शेंडी डावीकडं होती. दुसऱ्यात उजवीकडं. तिसऱ्यात पुन्हा डावीकडं.