पिवळा दिवा कोणी घालवला?

"आज काकांना आणि सरांना एकत्र येऊ द्यायचं नाही. समजलं?" मुंगीने फर्मान सोडले.

"पण का? दोघं एकच तर सांगतात!" रेडिओ म्हणाला. शेजारच्या या मुलाचे तोंड कधी बंद नसे. नाव त्यावरूनच पडले होते.

"तेच तर! 'दिवा लागला नव्हता, गाडी ठणठणीत होती, पोरीनेच घाबरून पेडल दाबलं.' दोघांचेही शब्द अगदी हेच! आपण दोघं एखादी गोष्ट अशी सांगू का कधी?"

"तू मला सांगू देशील तेव्हा ना!"

मुंगी हसली नाही. गेल्या आठवड्यात सरावाच्या मैदानावर तिची ताई मोटार शिकत असताना गाडी एकाएकी उसळली आणि भिंतीवर आदळली. शेजारी बसून शिकवणाऱ्या सरांच्या कपाळाला टाके पडले. ताईला फिरत्या वाचनालयाची गाडी चालवण्याची नोकरी मिळाली होती. चूक तिची ठरली, तर परवाना नाही आणि नोकरीही नाही. "माझा पाय वर होता," एवढेच ती सांगत राहिली. मोठ्यांपैकी कोणीही ते मानले नाही. गाडीची देखभाल करणाऱ्या सख्ख्या काकांनीही नाही! दोघी बहिणींना सायकल शिकवली होती ती याच काकांनी.

इतक्यात मावसभाऊ भिंग जाड चष्मा सावरीत काकांच्या वर्कशॉपमधून धावत आला. त्याचे कोपर ग्रीसने माखले होते.

"सापडलं! या गाडीत पेडलवर पाय किती दाबला, हे दोन सेन्सर कॉम्प्युटरला सांगतात. दोघांचं जुळलं नाही, की पिवळा दिवा लागतो आणि गाडी रांगायला लागते. इथे एकाची वायर कापून दुसऱ्याला जोडलीय! बोलणारा एकच, पण कॉम्प्युटरला वाटतं, दोघं बोलताहेत."

"आणि तो एकटा चुकीचं बोलला तर?" रेडिओने विचारले.

"तर गाडी भिंतीवर!"

मुंगीचा चेहरा उतरला. त्या गाडीला काकांखेरीज कोणी हात लावत नसे.

थोड्याच वेळात अपघाताच्या चौकशीसाठी वाहन निरीक्षक बाई आल्या. मुंगी थेट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाई, दोघांना वेगवेगळं विचाराल? आणि त्या दिवसाचं नको, त्याच्या आधीचं विचारा."

"हुकूम सोडतेस की काय?"

"नाही हो, विनंती करतेय!"

बाईंनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि मान डोलावली. ऑफिसात बसलेल्या काकांना त्यांनी विचारले, "पिवळा दिवा पूर्वी कधी लागला होता?"

"छे! कधीच नाही."

अंगणात रेडिओने सरांना आपल्या सायकलची चेन बसवण्यात अडकवून ठेवले होते. तिथे तोच प्रश्न झाला.

"सारखा लागायचा हो! गाडी रांगायची, शिकवण्या खोळंबल्या. नवा भाग यायला वेळ होता, म्हणून मुंगीच्या काकांनी काहीतरी जोडून दिवा घालवला, तेव्हा कुठे..." सर थबकले. त्यांचा हात कपाळावरच्या पट्टीकडे गेला.

काकांना बाहेर बोलावून भिंगाने वायर दाखवली. काका खाली पाहत पुटपुटले, "तात्पुरतं केलं होतं. नवा भाग आला की बदलणारच होतो."

"गाडी जप्त, आणि चौकशी संपेपर्यंत वर्कशॉपही बंद!" बाई कडाडल्या. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "मोठ्यांनी जे विचारायला हवं होतं, ते तुम्ही विचारलंत. शाबास!"



"मुंगे, चूक झाली गं," काका म्हणाले.

"दिवा घालवलात, ती चूक असेल, काका. पण ताई रडत होती, आणि तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवून 'होतं असं नवशिक्यांचं' म्हणत होतात. ती चूक नव्हती!"



बाईंनी आपल्या गाडीची किल्ली फाटकापाशी उभ्या असलेल्या ताईपुढे धरली. "चल, परीक्षा इथेच घेते."

ताईने किल्ली घेतली. काका लगबगीने गाडीचे दार उघडायला पुढे झाले.

"राहू द्या," ताई म्हणाली. तिने स्वतः दार उघडले, आत बसून ते ओढून घेतले, आरसा नीट केला, आणि गाडी जराही धक्का न देता फाटकाबाहेर काढली. काकांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.