मिझुओरीची हरवलेली पाटी

"बाई, माझ्या स्टेशनचं नाव चोरीला गेलं!"

उकाई मास्तर दारातच थबकले. स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी मिझुओरीचा फलाट तेच झाडत. उद्या तिथून शेवटची गाडी सुटणार होती आणि आज सकाळी फलाटावरची लाकडी पाटी गायब! ती शहरातल्या संग्रहालयाला द्यायला मास्तरांनीच विरोध केला होता. साहजिकच, गाव त्यांच्याकडेच बोट दाखवत होतं.

गुप्तहेर सेत्सुबाईंनी छत्री उचलली. त्यांचे दीर कुमाओ मोटार काढायला धावले.

फलाटावर बर्फ भुरभुरत होतं. पाटीचे स्क्रू काढलेले, पण भिंतीतल्या प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोकलेली.

"चोर टापटिपीचा दिसतो, वहिनी."

"हसू नका भावजी, बघा."

जुन्या रेल्वेवस्तू जमवणारे हासुनुमा कॅमेरा सावरत उभे होते. कुमाओंना त्यांची नजरच आवडली नाही.

"पाटी हवी होती मला, लपवत नाही," हासुनुमा म्हणाले. "अक्षरं इतकी पुसलेली, की एकही वाचता येत नव्हतं. तेच तर तिचं सौंदर्य! कुणी हात लावला असता, तर रडलो असतो मी."

स्टेशनातच चिगुसाबाईंचं सोबा शेवयांचं दुकान. चूल धगधगत होती, पण पुढ्यात आल्या त्या गार शेवया.

"एवढ्या थंडीत?" कुमाओ कुरकुरले.

"आज रस्सा केला नाही," चिगुसाबाई पुटपुटल्या. "काय मेलं नशीब! उद्या गाडीतल्या सगळ्यांनी नाव वाचलं असतं…"

सेत्सुबाईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "भावजी, मास्तरांना बोलवा. हासुनुमांनाही."

दोघे आत येताच कुमाओ खुशीत कुजबुजले. "पकडलात ना हासुनुमाला?"

"त्यांना नाही. चोर भोकं बुजवत बसत नाही. पाणी मुरून भिंत कुजू नये, स्क्रू पुन्हा धरावेत, ही काळजी पाटी परत लावणाऱ्यालाच. हासुनुमांना ती पुसटच हवी होती. मग पुसलेलं नाव उद्या लोक वाचणार, असं कोण म्हणेल? ज्याने ते नव्याने रंगवलं, तोच. चूल पेटलीय, पण रस्सा नाही. कारण ऊब हवी, वाफ नको. रंग वाळतोय ना, चिगुसाबाई?"

चिगुसाबाईंनी मागचा पडदा सारला. चुलीशेजारी पाटी उभी होती, अक्षरं काळीभोर, आता वाळत आलेली.

हासुनुमांनी कपाळावर हात मारला.

"मला का नाही विचारलंत?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"विचारलं असतं, तर नियम सांगितला असता तुम्ही!" चिगुसाबाईंचे डोळे भरले. "दरड कोसळली, घर गेलं, नवरा गेला. तेव्हा नियम मोडून स्टेशनातली कंदील ठेवायची खोली मला दिलीत. वरिष्ठांची बोलणी खाल्लीत, मला कळूही दिलं नाहीत. या स्टेशनानं मला जगवलं, मास्तर. ते निनावी कसं जाऊ देऊ? तुमच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं हो. संध्याकाळी लावणारच होते."

मास्तर चिगुसाबाईंसमोर आले. मग टोपी काढून खोल वाकले.

"प्रवासी आटले, तरी तुमची चूल पेटायची. म्हणून मला रोज वाटायचं, स्टेशन जिवंत आहे. आभार मी मानायचे."

कुमाओंनी उगाचच नाक पुसलं.

"इतकी वर्षं तुमच्या हातचं खाल्लं नाही," मास्तर बाकावर टेकत म्हणाले. "निवृत्तीनंतरही कामावरच होतो ना. आज वाढाल?"

चिगुसाबाईंनी बाही मागे सारली. "बसा. रस्सा टाकते."