लाइलच्या पुढे चालणारा

पायरीवर कुणीतरी बूट झटकले. मी दार उघडलं. बाहेर नुसतं बर्फ भुरभुरत होतं... आणि त्यावर एकही ठसा नव्हता.

"पाहुणा येतोय," विणकामातून मान वर न करता आई म्हणाली. "कॉफी ठेव, स्वावा."

आमच्या खाडीकाठी याचं कुणाला नवल नव्हतं. काही माणसांबरोबर एक सोबती असतो, आणि तो माणसाच्या आधी घरी पोचतो. कॉफीला उकळी आली तेव्हा खरंच दार वाजलं. दारात उंच, भुवयांवर बर्फ साठलेला लाइल हॅस्केट उभा होता. बंदरावरचा मासळी गोठवायचा कारखाना घेऊन आइसलँडमध्ये राहिलेला अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात लढलाय, एवढंच गावाला ठाऊक. त्याची गाडी खिंडीत अडकली होती.

मी दोन कप भरून पुढे ठेवले.

"दुसरा कुणाला?" त्यानं विचारलं.

"तुमच्या सोबत्याला. तुमच्यापेक्षा वक्तशीर आहे तो."

मी थट्टा करतेय असं वाटून तो हसला. साखरेचा खडा त्यानं कपात टाकला, तेव्हा खडा दातात धरून वरून कॉफी प्यायची असते, हे मी करून दाखवलं. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला – मग घाईघाईनं खिडकीकडे.

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. कधी विणलेल्या मोज्यांची चौकशी करायची, कधी आईला हवेचा अंदाज विचारायचा म्हणून. मी नेहमीच नीटनेटकी कशी दिसते, याचं त्याला कोडं पडे. त्यात काय, पायरीवर बूट वाजले की मला केस विंचरायला वेळ मिळायचा! तो अदृश्य पाहुणा बाहेरच्या पडवीतल्या बाकावर बसे. बाक करकरे, दाराखालून गार हवा येई. निघतानाही आधी बाक करकरायचं, मग लाइलला टोपीची आठवण व्हायची.

एका रविवारी मी त्याला हे सगळं सांगितलं. सोबती कसा चालतो, तेही. डावा पाय घासत.

लाइलचा कप ओठांपाशीच थांबला.

मग तो हळूहळू बोलू लागला. बेल्जियमचं जंगल, बर्फ, आणि त्याचा मित्र ऑरिन. थंडीनं ऑरिनचा डावा पाय बधिर झाला होता, तरी वाट तपासायला पुढे तोच चालायचा. एका संध्याकाळी त्यानं हात वर करून लाइलला थांबवलं. लाइल थांबला. ऑरिनचा पाय मात्र तोवर सुरुंगावर पडला होता.

"इतका समुद्र ओलांडून आलो," तो म्हणाला, "की त्या जंगलातलं कुणी इथं नसावं."

पुढचे रविवार मी केस विंचरून बसले. पायरी वाजली नाही. मग गावातून कळलं – लाइल कारखाना विकतोय, रेक्याविकच्या बोटीनं निघालाय.

बोटीच्या दिवशी, भर दुपारी, सोबती डावा पाय घासत आला. आईनं लोकर उचलली आणि मेंढ्यांकडे निघून गेली. कॉफीची वेळ तिनं आजवर कधी चुकवली नव्हती.

लाइल आला तो बसलाच नाही. "मी घर केलं तर त्यात तोही येणार, स्वावा. मेलेल्या माणसाबरोबर तू का राहायचं?"

"तो पुढे का चालायचा?"

"मागच्याला धोका आहे का, ते बघायला."

"मग आमच्या दारात त्यानं तुम्हाला कधी हात वर करून थांबवलं?"

बोटीचा भोंगा झाला. त्यानं टोपी घातली, पण कडीला हात लावून घुटमळला.

"तो... निघाला का?"

मी कान दिला. बाक करकरलं नव्हतं. भोंगा पुन्हा झाला.

"नाही. बसलाय तो," मी म्हणाले. "तूही बस."

त्यानं दार ओढलं. बंद पडवीत अंधूक उजेड होता. बाकावर आमची मांजर झोपली होती – फळीच्या वीतभर वर, कुणाच्या तरी मांडीत झोपावी तशी.

लाइल कितीतरी वेळ बघत राहिला. मग दार हलकेच लोटून त्यानं कोटाची बटणं काढायला घेतली. शेवटचं अडलं, ते मी काढलं.