खरी बाभळ

आष्टीच्या शाळेच्या फाटकात अर्पिता मॅडमच्या डोक्यावरचं शेणखताचं टोपलं कलंडलं आणि थेट एका पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडलं. लिंबाला मोहोर आल्ता, आणि वारा असा गोड, असा आळसावलेला वाहत होता की कुणाला राग येणंही अवघडच.

"तुम्ही मधे कशाला आलात?" ती म्हणाली. चूक सगळी तिचीच.

"मी अपूर्व. जालन्याहून आलोय… मुलांना पर्यावरण शिकवायला."

"मंग झाली की सुरुवात. पहिला धडा — खत."

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी… आणि अर्पिता टोपलं उचलायचंच विसरली.

शिकवायचं काम दोघांनी मिळून करायचं होतं. विज्ञान तिच्याकडे होतं ना. पोरांनी बिया आणायच्या, माती-खतात वळून बीजगोळे करायचे, ते गायरानावर टाकायचे, की अपूर्वची संस्था त्याला पुढच्या तालुक्यात धाडणार. हे शेवटचं वाक्य अर्पिता मनातसुद्धा पुरं करायची नाही.

"मॅडम, गालाला माती लागलीय."

"राहू द्या. उगवंल काहीतरी."

तो बघत राह्यला. चिखलात त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, आणि दोघांनीही लागलंच नाही असं दाखवलं…

गोळे वाळले. उद्या गायरानावर जायचं. दुपारी सातवीतली शिवकन्या काहीतरी चघळत आली.

"काय खाऊन राह्यली गं?"

"बाभळीची शेंग. गोड लागती, मॅडम."

शेंग पिवळी होती, सरळ होती. अर्पितानं ती हातात घेऊन पाहिली. ही तर येडी बाभळ — कुणी न लावता माजणारी, गायरान गिळणारी. 'बाभळीच्या बिया आणा' असं तिनंच सांगितल्तं, आणि पोरांनी बराबर आणल्या, त्यांना माहीत असलेल्या बाभळीच्या.

"अगं, खरी बाभळ न्हाई का पाहिली?"

"ती कोणची, मॅडम?"

आता? गप्प बसावं, तर उद्या पोरं आपल्याच हातानं गायरान बुडवणार. सांगावं, तर तो म्हणेल, मला थांबवायला बहाणा काढला. आणि तो थांबावा असं तर तिला खरंच वाटत होतं… म्हणून तर जीभ उचलेना.

शेवटी तिनं त्याला सांगितलंच. एका दमात, खाली मान घालून.

अपूर्वनं एक गोळा उचलला, पाण्याच्या टबात बुडवला, बोटांनी अलगद फोडला आणि आतली बी बाजूला काढली. मग पोरांना हाक मारली. "या रे. चूक कशी निस्तरायची, तेही शिकायचंय आपल्याला." पोरं काय, चिखलात हात घालायला मिळणार म्हणून खूश.

"अन् खरी बाभळ आणणार कुठून?" मुख्याध्यापक रामप्रसाद सरांनी विचारलं.

"आमच्या बांधावर आहे एक," अर्पिता म्हणाली.

संध्याकाळी सगळी वरात तिच्या मळ्यात. मण्यांच्या माळेसारख्या शेंगा फांद्यांवर हलत होत्या, आणि पोरं झाडाखाली नाचत होती. ही दोघं जरा मागं.

"हिरव्याच आहेत अजून," ती म्हणाली. "पिकायला वेळ लागंल."

"मग थांबावं लागेल मला."

"संस्था थांबू देईल?"

"विचारलंय सकाळीच. हो म्हणाले."

"सकाळी?" ती वळली. "पण शेंगांचं तर मी दुपारी सांगितलं…"

अपूर्वचे कान लाल झाले. "सकाळी… कारण वेगळं होतं."

"कोणतं?"

"तेच सांगायला थांबतोय."

वारा थांबला की काय, कोण जाणे.

"मंग जल्दी करू नका," ती हळूच म्हणाली, आणि त्याच्या हाताच्या अगदी जवळ आपला हात नेऊन ठेवला. "सावकाश सांगा… मी इथंच आहे."