अडचण आमच्याकडे आहे

"ज्यानं हे ॲप लिहिलंय ना, त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवा," मी स्क्रीनवर चिडून म्हणाले.

"बसू का?" दारातून आवाज आला.

घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. बाहेर भीमाशंकरकडून आलेली भुरभुर, आत सोपानकाका आपला टोमॅटो एका कंपनीच्या ॲपवर नोंदवायला बसलेले. ॲप मात्र दर वेळी एकच म्हणायचं, 'माहिती अवैध'. कुठली, का... काही पत्ता नाही. आणि दारात लॅपटॉप छातीशी धरून भिजलेला पीयूष, किराणावाल्या सुवालालशेठचा मुलगा. घरची लाइट गेली म्हणून आला होता. त्या कंपनीचं हे ॲप तोच घरून लिहायचा.

तो खरंच बसला. "जमीन किती लिहिलीय?"

"चाळीस," काका म्हणाले. "चाळीस गुंठं."

"तो रकाना हेक्टरचा आहे, काका."

"मग तसं म्हन की राव. आमी काय हेक्टरात मोजतो व्हय?"

पीयूष कानापर्यंत लाल झाला. मला तो तिथंच आवडला. चूक दाखवल्यावर लाजणारा पुरुष आमच्याकडे दिवा घेऊन शोधावा लागतो.

मग तो रोज दुपारी यायला लागला. फॉर्म चुकला की सर्व्हरनं काय उत्तर द्यायचं ते मी सांगायचे, तो लिहायचा. 'जमीन हेक्टरमध्ये लिहा. चाळीस गुंठे म्हणजे ०.४०.' एक चूक सुधारली की दुसरी काढायची नाही, सगळ्या एकदम सांगायच्या, हा माझा हट्ट.

"माणसाला हेलपाटे कशाला मारायला लावायचे?"

"मी मारतोच आहे की... रोज," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"कामाचं लिही."

"लिहितोय." कान पुन्हा लाल.

"आणि सर्व्हरच बंद पडला तर?" त्यानं विचारलं.

"तर आपल्या अंगावर घ्यायचं. नाहीतर माणूस उगाच स्वतःत चूक शोधत बसतो."

मी सांगितलं, 'तुमची काही चूक नाही. अडचण आमच्याकडे आहे.' पुढचं त्यानं स्वतःच जोडलं, 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' त्या दिवशी चहा देताना बोटांना बोटं लागली... आणि कप दोघांनीही सोडला नाही.

दिवाळीनंतर त्याचं येणं थांबलं. फोनही उचलेना. मी वेड्यासारखी स्वतःलाच तपासत राहिले. फार बोलते, म्हणून? शिनोलीला आमच्या घरी मटण शिजतं, म्हणून? शेवटी एकदा आला, तो उभाच राहिला.

"नाही जमणार, हर्षाली."

"का?"

"नाहीच जमणार."

"असं नको ना रे... सगळं एकदम सांग. जात? खाणंपिणं? का मीच?"

"पुण्याची टीना म्हणून आहे... पप्पांनी ठरवलंय."

"तू घरी माझं नाव काढलं होतंस?"

तो बाहेर स्टँडकडे बघायला लागला.

"एकदा तरी?"

"नाही."

"मग मला नाही कोण म्हणालं, पीयूष?"

त्यानं मान खाली घातली आणि तो निघून गेला. मला रडूही आलं नाही. ज्या घरानं मला नाकारलंच नव्हतं, त्या घराशी भांडायचं तरी कसं?

त्याच्या लग्नाच्या दिवशीही मी दुकान उघडलं. सोपानकाका आले. बटण दाबलं आणि स्क्रीन अडकली.

"काय म्हनतंय पोरी?"

"तुमची काही चूक नाही," मी वाचलं. "अडचण आमच्याकडे..." मी तिथंच थांबले. हे मला त्यानं एकदा तोंडानं म्हणायला हवं होतं. एवढंच हवं होतं.

"मंग? परत यायचं व्हय?"

"थोड्या वेळानं बघा म्हणतंय."

"मंग बसतो की हितंच." काका बाकावर टेकले.

काकांचं काम दुपारी झालं. माझं होणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी दिवे लागेपर्यंत मी दाराकडे बघत बसले.