शंभर मीटरवरची चकती

तोंड सताड उघडं, डावा जबडा बधिर आणि डोळ्यांवर लख्ख दिवा… अशा अवस्थेत माणूस सहसा कुणाच्या प्रेमात पडत नाही. राग मात्र येऊ शकतो, आणि तिला तो चांगला सणसणीत आला.

आली होती ती दाढेसाठी. नेहमीचे मोठे डॉक्टर बाहेरगावी गेलेले, म्हणून खुर्चीशी त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. नुकताच शिकून भावाच्या दवाखान्यात रुजू झालेला. मास्कच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते आणि ते कारण नसताना हसरे होते.

"घाबरू नका, ताई," तो म्हणाला. "मी बोलत राहतो, तुम्ही ऐकत राहा. दुखलेलं कळणारसुद्धा नाही."

आणि तो बोलत राहिला. कशाबद्दल, तर एअरगनबद्दल.

"रविवारी टेकडीमागच्या मैदानावर जातो मी. तिथे सगळे छर्रेवाले. छर्रा म्हणजे शिशाचा एवढासा तुकडा, कमरेत बारीक, मागून पोकळ. जवळच्या निशाण्याला बरा, पण लांब जायचं म्हटलं की वारा त्याला कुठेही भरकटवतो. मी आपला स्लग वापरतो. भरीव, जड, वाऱ्याला दाद न देणारा. गेल्या रविवारी पंचवीस मीटरवरच्या चकत्या काय खणाखण पाडल्यात मी… जरा मोठं उघडा, ताई."

तिने मोठं उघडलं. रागाने आपोआपच उघडलं गेलं.

कारण त्या चकत्या तिच्या हातच्या होत्या. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये ती लोखंडाचं काम करायची, आणि त्या मैदानावरची एकूण एक चकती तिनेच कापलेली, घासलेली, रंगवलेली होती. खाली पाय, पायाला बिजागरी. छर्रा लागला की चकती मागे आडवी होते, दोरी ओढली की पुन्हा उभी राहते. सोमवारी ती रंग मारायला गेली तर निम्म्या चकत्यांना पोचे पडलेले आणि बिजागऱ्या वाकलेल्या. हा उद्योग कुणी केला म्हणून ती तीन दिवस धुमसत होती. आता चोर समोर उभा होता, पण ड्रिल त्याच्या हातात होतं. "आँ" याखेरीज तिला काही म्हणता येत नव्हतं.

"दुखतंय का?" त्याने काळजीने विचारलं.

तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर बघून त्याने भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी ती पुन्हा आली. काखेत एक वाकलेली चकती होती. ती तिने टेबलावर दणकन ठेवली.

"अरे, कालच्या ताई! हे काय आणलंत?"

"पेशंट," ती म्हणाली. "हिचं काय करता, बोला."

त्याने चकती उलटीसुलटी केली. पोच्यावरून अंगठा फिरवला. डोळ्यांतलं हसू हळूहळू मावळलं. आज मास्क नव्हता, त्यामुळे बाकीचा चेहराही पडलेला दिसला. चेहरा तसा बरा होता, हे तिने नाइलाजाने मान्य केलं.

"हे मी केलं?"

"तुम्हीच. चार मिलिमीटरचा पत्रा आहे हा. छर्र्यांसाठी केलेला. तुमचं ते भरीव शिसं त्याला सोसत नाही. स्लग फक्त शेवटच्या चकतीला मारायचा, शंभर मीटरवर, मागे मातीचा उंच बांध आहे तिथे. मैदानावर फळा लावलाय तसा."

"फळा वाचला नाही मी."

"मग डोळे दाखवा कुणाला तरी. दातांइतकेच तेही लागतात माणसाला."

तो हसला नाही. "सरळ कशा करतात या?" त्याने विचारलं. "मी येऊन करून देतो."

ती म्हणाली, याल तेव्हा बघू. तो खरंच आला. शनिवारी दुपारी, इस्त्रीच्या शर्टात, वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. तिने त्याच्या हातात हातोडा दिला आणि ऐरणीकडे बोट दाखवलं. तासाभरात शर्टाची रया गेली, तळहाताला फोड आला, आणि जेमतेम दोन चकत्या ठोकून झाल्या. त्यातली एक तर आधीपेक्षा वाकडी झाली होती. कोपऱ्यात बसून हिशेबाची वही चष्म्याआडून बघणारे तिचे बाबा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आपले दातच बघा."

ती फोडावर लावायला मलम घेऊन आली. तो तिच्या हातांकडे बघत होता. जुने घट्टे, नवे चटके, नखांतला काळा रंग.

"एवढ्या सगळ्या तुम्ही एकट्याच सरळ करता?"

"मग काय चकत्या स्वतः होतात?"

त्याने हातोडा ऐरणीवर ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी मी तुम्हाला ताई म्हणालो… ते परत घेतलं तर चालेल का?"

तिच्या हातातलं मलमाचं झाकण घरंगळत ऐरणीखाली गेलं. "विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि झाकण शोधायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

त्यानंतर रविवार वेगळेच झाले. सराव संपला की ती चकत्यांवर रंग मारायची, तो दोऱ्या ओढून एकेक उभी करायचा, आणि दोघं भांडायची. विषय ठरलेला.

"शंभर मीटरवर स्लगच पाहिजे," तो म्हणायचा. "वारा असला तरी सरळ जातो."

"वाराच बघायचा नाही म्हणून स्लग. तुम्हा लोकांना वाटतं, जोर लावला की झालं."

"आणि छर्रेवाल्यांना काय वाटतं?"

"त्यांना थांबता येतं. गवत कुठे झुकतंय ते बघतात. वारा पडला की मारतात."

"किती थांबायचं पण माणसाने?" तो तिच्याकडे बघून विचारायचा.

"ते वाऱ्याला विचारा," म्हणून ती ब्रश डब्यात बुडवायची. गालावर पांढऱ्या रंगाचा ठिपका उडालेला असायचा, आणि तो पुसावा की नाही या विचारात डॉक्टरांचा हात अर्ध्यावर थांबलेला असायचा.

अशाच एका संध्याकाळी त्याने सहज बोलावं तसं सांगितलं. "दादाने बजावलंय. या वेळी क्लबच्या संघात निवड झाली तर रविवार माझा. नाहीतर रविवारीही दवाखाना उघडायचा. त्याचंही बरोबर आहे म्हणा, मुलांकडे त्याला बघताच येत नाही." संघात एकच जागा राहिली होती आणि निवड पुढच्या रविवारी होती.

ती "हं" म्हणाली. पण घरी जाताना सायकल तिने चालवलीच नाही, नुसती ढकलत नेली. त्याच्याशिवायचा रविवार तिने डोळ्यांसमोर आणून बघितला. तेच मैदान, तेच गवत, आणि दोऱ्या तिच्या तिनेच ओढायच्या. आपल्याला हा माणूस आवडतो, चांगलाच आवडतो, हे तिला त्या रस्त्यावर स्वच्छ कळलं.

मग तिने एक काम केलं, आणि ते कुणालाही सांगितलं नाही. शंभर मीटरवरच्या चकतीची एक खोड होती. स्लग लागला की पातळ पत्रा दबायचा, बिजागरी अडकायची, आणि कधी कधी नेम बरोबर लागूनही चकती उभीच राहायची. क्लबचा नियम होता, पडली तरच लागली. त्याचा नेम असा फुकट जायला नको म्हणून तिने दुप्पट जाड पत्र्याची नवी चकती कापली. स्लगच्या दणक्याने बरोबर आडवी होईल अशी. पांढराशुभ्र रंग दिला, आणि निवडीच्या सकाळी जुनी काढून ती बसवली.

त्या दिवशी वारा सुटला होता. मैदानाच्या बाई, म्हणजे निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका, गळ्यात शिट्टी घालून खुर्चीवर बसल्या होत्या. बाजूला तिचे बाबा होते. जवळच्या सगळ्या चकत्या पाडून शेवटपर्यंत दोघेच टिकले, वकीलकाका आणि डॉक्टर. वकीलकाका गेल्या वर्षी संघात होते. शेवटची चकती कुणाचीच पडली नाही तर जागा त्यांनाच राहणार होती. त्यांनी स्लग भरला, मारला, आणि बांधावरची माती उडाली.

डॉक्टर आडवा झाला. खांद्याला बंदूक लावून तो थांबला. थांबला… आणि थांबूनच राहिला. वकीलकाकांनी घड्याळ बघितलं. ती मात्र चक्रावली. स्लगवाला माणूस, एवढा थांबतोय कशाला? गवत सरळ झालं आणि त्याने चाप ओढला.

लांबून बारीक "टिण्" ऐकू आलं. चकती हलली, थरथरली, आणि उभीच राहिली.

"नाही पडली," बाई म्हणाल्या. त्याने बंदूक रिकामी केली, उठून गुडघे झटकले आणि तिच्याकडे बघून खांदे उडवले. हसायचा प्रयत्न केला, पण तो काही त्याला जमला नाही.

नेमबाजी थांबल्याचा लाल झेंडा वर गेला. नेहमीप्रमाणे ती चकती बघायला चालत निघाली. पांढऱ्या रंगाच्या अगदी मधोमध एक करडा डाग होता. चपटा, पसरट, कडा फाटलेला. असले डाग तिने हजारो रंगवून बुजवले होते. स्लग असा डाग सोडत नाही. हा छर्रा होता.

ती तिथेच उभी राहिली. तो छर्रे मारायला लागला होता. का, ते विचारायची गरज नव्हती. हातोड्याचा फोड तिला आठवत होता. आणि छर्र्याने पडली असती ती पातळ चकती तिने स्वतःच काढून ठेवली होती. त्याच्यासाठीच.

डाग अंगठ्याने पुसला असता तरी गेला असता. कुणाला कळलं नसतं. बाबांच्या वर्कशॉपचं नाव होतं, तिथल्या चकत्या डोळे मिटून घ्याव्यात, सगळ्या एका मापाच्या. खरं सांगितलं तर ते नाव आज सगळ्या मैदानासमोर जाणार होतं. आणि चकती जाड का केली, असं कुणी विचारलं तर? तिने दोन मोठे श्वास घेतले, चकती बिजागरीतून काढली आणि छातीशी धरून परत आली.

"लागली होती," ती बाईंना म्हणाली. "मधोमध. हा बघा डाग."

"पडली नाही म्हणजे लागली नाही," वकीलकाका म्हणाले. "नियम आहे, पोरी."

"पडूच शकत नव्हती, काका. ही दुप्पट जाड आहे. स्लगने पडते, छर्र्याने नाही. चूक चकतीची आहे… म्हणजे माझी. बाबांना काही माहीत नाही."

बाबा खुर्चीतून उठले. बाईंनी चकती हातात घेऊन वजन बघितलं. "जाड का केलीस?"

"डॉक्टर स्लग मारतात ना. त्यांची लागली तर पडावी… म्हणून."

"म्हणजे त्यांच्यासाठी केलीस."

सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. तिचे कान तापले होते, पण मान तिने खाली घातली नाही. "हो," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी केली."

बाई डॉक्टरकडे वळल्या. "आणि तुम्ही स्लग कधी सोडलात?"

तो तिच्याकडेच बघत होता. "त्या शनिवारनंतर. भांडताना मात्र बाजू स्लगचीच घेत राहिलो. चकत्या वाकतात आणि… सरळ कुणाला कराव्या लागतात ते बघितलं मी." त्याने खिशातून डबी काढली. "हे सगळे निवडून आणलेत. दाताचं सिमेंट कालवायची काच आहे ना, तिच्यावर एकेक लोळवून. चांगला छर्रा लोळताना छान कमान काढत जातो, वाकडा असला की अडखळतो. पेशंट बाहेर ताटकळले, पण छर्रे चांगले निघाले."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. वकीलकाकांनी घसा साफ केला. "माझी हरकत नाही बुवा. माझा तर बांधाला लागला. आणि इतका वेळ वाऱ्याची वाट बघायचं माझं वयही नाही."

"जुनी चकती लावा," बाई म्हणाल्या. "एकच संधी. पडलेली मला दिसली पाहिजे."

बाबांनी जाड चकती बाईंच्या हातून घेतली, कडेवरून बोट फिरवलं. ती घाबरून बघत राहिली. "कड छान घासलीस," ते एवढंच म्हणाले, आणि जुनी चकती लावायला स्वतः गेले.

डॉक्टर पुन्हा आडवा झाला. बंदुकीची नळी डुलत होती. त्याने मान वळवून हळूच म्हटलं, "लक्ष लागत नाहीये. तुम्ही विचार करून सांगणार होतात… तेवढं सांगा की."

"आधी वारा बघा," ती म्हणाली.

तो वळला. गवत डावीकडे झुकलेलं होतं. ती त्याच्या मागे उभी राहून तेच गवत बघत होती, श्वास रोखून. गवत हळूहळू वर आलं, पुन्हा झुकलं, पुन्हा वर आलं, आणि सरळ राहिलं.

चकती आधी आडवी झाली. "टण्" मागून ऐकू आलं.

बाईंनी शिट्टी वाजवली, वकीलकाकांनी टाळ्या पिटल्या, पण तो उठला नाही. तसाच पोटावर पडून, मान वळवून, तिच्याकडे बघत राहिला.

"चालेल," ती म्हणाली.